इंग्रजीतील दोन भूतकाळ आणि आपला वर्ग

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत चाकण परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी व्याकरणातील एखाद्या लहानशा भागावर आज मी बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली, तेव्हा मी साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ हे दोन काळ निवडले. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. 'आय वेंट' आणि 'आय वॉज गोइंग' यांत भेद काय, असे विचारल्यास आपल्यापैकी प्रत्येकजण फळ्यावर दोन ओळींत उत्तर लिहील. मीही पुष्कळ वर्षे तसेच लिहीत आलो. परंतु एक प्रसंग असा घडला की, त्या दोन ओळींवरचा माझा विश्वास डळमळला. तो प्रसंग आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी या पट्ट्यातील एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. कारखान्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे. एके दिवशी साच्यात अडकलेला पत्र्याचा तुकडा तो हाताने काढीत असता प्रेस सुरू झाला आणि त्याच्या दोन बोटांना इजा झाली. दवाखान्यातून परत आल्यावर अपघाताची हकीकत इंग्रजीत लिहून द्यावयाची होती. त्याने लिहिले, 'आय रिमूव्ह द पीस अँड मशीन स्टार्ट'. कोणा सहकाऱ्याने ते वाक्य सद्हेतूने सुधारून दिले : 'आय रिमूव्ड द पीस अँड द मशीन स्टार्टेड'. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात एकही चूक नाही. मात्र त्याचा अर्थ असा होतो की, तुकडा आधी काढून झाला आणि मग यंत्र सुरू झाले. साहजिकच चौकशीत प्रश्न निघाला, की तुकडा निघाला होता तर हात आत कशासाठी होता? हळूहळू दोषाचा काटा त्या मुलाकडेच झुकू लागला. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला घडले ते मराठीत सांगावयास लावले. तो एका दमात म्हणाला, "गुरुजी, मी तुकडा काढत होतो, तेवढ्यात मशीन सुरू झालं."

त्याचे मराठी चोख होते. 'आय वॉज रिमूव्हिंग द पीस व्हेन द मशीन स्टार्टेड' एवढेच वाक्य त्याला हवे होते, आणि ते त्याला सुचले नव्हते. पुढे त्याचा जबाब मराठीत घेण्यात आला व प्रकरण मिटले. माझे समाधान मात्र झाले नाही. कारण सातवीत हा भाग मीच त्याला शिकविला होता. 'वॉज किंवा वेअर, त्यापुढे क्रियापद, त्याला आयएनजी' हे सूत्र त्याला तोंडपाठ होते, आणि त्याच्या वहीवर मी 'उत्तम' असा शेराही दिलेला होता.

आपल्या मुलखात ही गोष्ट किरकोळ मानून चालणार नाही. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने पिंपरी, आकुर्डी, चिंचवड असे करीत चाकणपर्यंत येऊन पोहोचले. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. पूर्वी ती पाचवीपासून असे. म्हणजे कारखानाही दाराशी आला आणि इंग्रजीही. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा इंग्रजीत व्याख्यान देणार नाही कदाचित. पण पाळी बदलताना यंत्राच्या नोंदवहीत चार ओळी त्याला लिहाव्या लागतील, आणि त्या चार ओळी बहुतेक भूतकाळातच असतील. काय बिघडले, केव्हा बिघडले, त्या वेळी कोण काय करीत होता.

आता मूळ अडचणीकडे वळू. आपण शिकवितो ते असे : 'मी गेलो' म्हणजे साधा भूतकाळ, 'मी जात होतो' म्हणजे अपूर्ण भूतकाळ. मराठी रूपासमोर इंग्रजी रूप मांडावे आणि रेघ ओढावी. दोन्ही भाषांची रूपे अशी समोरासमोर बसत असती तर किती बरे झाले असते! प्रत्यक्षात मराठीचे एकच रूप दोन-दोन कामे करते, आणि इंग्रजी ती कामे वेगवेगळ्या रूपांवर सोपविते. मुलाची चूक होते ती नेमकी या सांध्यावर.

'मी लहानपणी चालत शाळेत जात होतो' हे वाक्य घ्या. मुले हमखास लिहितात, 'आय वॉज गोइंग टू स्कूल ऑन फूट इन माय चाइल्डहूड'. आता 'माझे आजोबा बैलगाडीने कांदा चाकणच्या बाजारात नेत होते' हे पाहा. तेथेही 'वॉज टेकिंग' असेच येते. या दोन्ही वाक्यांत 'होता' असले तरी चालू असलेली क्रिया नाही. ती नित्याची रीत आहे. इंग्रजीत येथे 'आय वॉक्ड टू स्कूल' किंवा 'आय यूज्ड टू वॉक टू स्कूल' असे म्हणावे लागते. आपल्या व्याकरणकारांनी हा भेद जाणला होता. 'मी जाई', 'तो करी' या रूपांना ते रीतिभूतकाळ म्हणतात. ही रूपे आता बहुधा पुस्तकांत व ओव्यांत राहिली आहेत. मुलांच्या तोंडी त्यांची जागा 'मी जायचो', 'तो करायचा' या रूपांनी घेतली आहे. हीच गोष्ट आपल्या उपयोगी पडते. मुलाला सांगावे, 'जात होतो'च्या जागी 'जायचो' घालून पाहा. अर्थ तसाच राहिला, तर इंग्रजीत 'वॉज गोइंग' लिहू नकोस. 'आजोबा कांदा न्यायचे' हे बसते, म्हणून 'टूक'. उलट 'मी तुकडा काढत होतो' येथे 'काढायचो' घालून पाहा. अर्थ बिघडतो. मग त्या वाक्यापुढे 'तेवढ्यात' हा शब्द जोडून पाहावा. तो बिनतक्रार बसला की अपूर्ण भूतकाळाची खात्री झाली. 'जायचो' आणि 'तेवढ्यात' हे दोन शब्द मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहेत. सूत्राचा तक्ता काढून ठेवला आहे.

आपल्या वर्गांतून आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुलेही बसतात. कित्येक शिक्षकांना ती अडचण वाटते. या विषयापुरती तरी ती मोठी सोय आहे. हिंदीत 'जाता था' आणि 'जा रहा था' ही दोन निराळी रूपे आहेत. नित्याची रीत असेल तर 'जाता था', क्रिया त्या क्षणी चालू असेल तर 'जा रहा था'. इंग्रजीला जो भेद हवा आहे तो हिंदीत जवळजवळ तयारच आहे. आणि आपली मराठी मुलेही दूरदर्शनमुळे आणि गल्लीतल्या सोबत्यांमुळे एवढी हिंदी जाणतात. मराठी वाक्यावर मुलगा अडला की मी त्याला विचारतो, "हे हिंदीत कसे म्हणशील?" एकदा बिहारहून आलेल्या एका मुलीने फळ्याजवळ येऊन हा भेद साऱ्या वर्गाला समजावून दिला. वर्षभर मागच्या रांगेत गप्प बसणारी ती मुलगी त्या दिवशी वर्गाची शिक्षिका झाली. असो.

याहून अवघड जागा पुढेच आहे. 'आजी ओट्यावर बसली होती.' या वाक्याचे इंग्रजी काय? पुस्तकी सूत्राप्रमाणे 'बसली होती' हा पूर्ण भूतकाळ. म्हणून मुले लिहितात 'हॅड सॅट'. परंतु इंग्रज माणूस येथे 'ग्रँडमदर वॉज सिटिंग ऑन द व्हरांडा' असे म्हणतो. 'बाळ झोपले होते', याला 'द बेबी वॉज स्लीपिंग'. 'त्याने टोपी घातली होती', याला 'ही वॉज वेअरिंग अ कॅप'. 'छत्री खुंटीला लटकली होती', याला 'द अम्ब्रेला वॉज हँगिंग ऑन द पेग'. बसणे, झोपणे, उभे राहणे, टेकणे, लटकणे, नेसणे, घालणे या क्रियापदांत मराठी माणूस क्रियेचा शेवट पाहतो. बसण्याची क्रिया संपली, आजी आता बसलेली आहे. इंग्रज त्याच दृश्यात चालू असलेली अवस्था पाहतो. आणि आपण जर हट्टाने अपूर्ण भूतकाळ आणून 'आजी ओट्यावर बसत होती' म्हटले, तर मराठीत तिचे चित्र पार बदलते. ती गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली टेकत आहे, किंवा रोज तेथे बसण्याचा तिचा परिपाठ होता, असा अर्थ होतो. येथे हिंदीचीही मदत होत नाही, कारण 'बैठी थी' मध्ये तीच गोम आहे. ही दहाबारा क्रियापदे निवडून, चित्रे दाखवून, वेगळी शिकविल्यावाचून गत्यंतर नाही.

याच 'होता'चा तिसरा फसवा वापर म्हणजे 'मी काल चाकणला गेलो होतो'. याचे 'आय हॅड गॉन टू चाकण यस्टरडे' असे भाषांतर केवळ मुलेच करतात असे नाही. आपण सर्वजण करतो. मी स्वतः कित्येक वर्षे केले. इंग्रजीत 'काल' हा शब्द आला आणि एवढीच गोष्ट सांगावयाची असली की साधा 'वेंट' पुरे. 'हॅड गॉन' म्हणावयाचे तर भूतकाळातीलच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची गोष्ट असावी लागते.

म्हणजे पाहा, 'जात होतो' कधी 'वेंट' होतो, 'गेलो होतो' हाही 'वेंट' होतो, आणि 'बसलो होतो' मात्र 'वॉज सिटिंग' होतो. रूपावर रूप बसवीत गेलेल्या मुलाने काय करावे? म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मराठी क्रियापदाच्या शेपटीकडे पाहून इंग्रजी काळ ठरवावयास शिकवू नये. घटना ऐकणाऱ्यापुढे कशी उभी करावयाची आहे, ते आधी मुलाला विचारावे. ती घडली आणि झाली, अशी सबंध सांगावयाची आहे काय? की तिच्या मध्यावर उभे राहून, तेथून आजूबाजूचे सांगावयाचे आहे?

या संबंधात एक चुकीची समजूत फार रुजलेली आहे. अपूर्ण भूतकाळ म्हणजे पुष्कळ वेळ चाललेली क्रिया, असे आपण सांगून टाकतो. चाकणच्याच किल्ल्याचे उदाहरण घ्या, येथून तो हाकेच्या अंतरावर आहे. 1660 च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाच्या फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने किल्ला लढविला. दोन महिने ही काही क्षणाची गोष्ट नव्हे. तरीही इंग्रजीत 'फिरंगोजी डिफेंडेड द फोर्ट फॉर अबाउट टू मंथ्स' असेच म्हणावयाचे, साध्या भूतकाळात. कारण आरंभापासून अखेरपर्यंत सबंध लढाई आपण एका वाक्यात बांधून दिली. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडविला. आता त्या क्षणी आत उभे राहून सांगावयाचे असेल तर 'द मराठाज वेअर फायटिंग व्हेन द माइन एक्सप्लोडेड'. तीच लढाई, तेच लोक; काळ बदलला तो आपण उभे कोठे आहोत त्यामुळे. क्रियेच्या लांबीशी त्याचा संबंध नाही. शिंक येण्यापूर्वीचा क्षणही अपूर्ण भूतकाळात सांगता येतो. हे उदाहरण किल्ल्यावर नेऊन, तटाशी उभे करून शिकविल्यास इतिहासाचा आणि इंग्रजीचा तास एकदमच होतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी काही गोष्टी आहेत. त्या थोडक्यात सांगतो. आईने हाक मारली की मूल घरातून ओरडते, "आलो, आलो!" आलेले कोणीच नसते. मराठीत भूतकाळाचे रूप अशा वेळी लगेचच्या भविष्यासाठी वापरतात. म्हणून मुलाने 'आय केम, आय केम' म्हटले तर त्याला हसू नये. त्याने आपले मराठी प्रामाणिकपणे उतरविले आहे. त्याला 'आय ॲम कमिंग' सांगावे आणि पुढे जावे. तसेच माहीत असणे, जवळ असणे, समजणे, आवडणे या अर्थाची क्रियापदे इंग्रजीत सहसा आयएनजी घेत नाहीत. 'मला समजत नव्हते' याला 'आय डिड नॉट अंडरस्टँड', 'त्याच्याकडे सायकल होती' याला 'ही हॅड अ बायसिकल'. 'ही वॉज हॅविंग अ बायसिकल' असे आपल्या देशात मोठमोठ्या कचेऱ्यांतूनही ऐकू येते. त्यावरून कोणाची थट्टा करण्याचे कारण नाही, पण आपण शिकविताना मात्र शुद्ध रूप द्यावे.

'डिड'विषयी एक शब्द. 'आय डिड नॉट वेंट' ही चूक आपण लाल शाईने खोडतो आणि ती पुन्हा उगवते. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'मध्ये असतो आणि 'नाही' जागच्या जागी राहते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे 'डिड' उचलतो. मग मूळ क्रियापद रिकाम्या हाताने चालते. एक ओझे दोघांनी कशाला वाहावे, असे मी मुलांना विचारतो. ती हसतात आणि बहुधा लक्षात ठेवतात. आणि हो, एका बाबतीत आपल्या मुलांना इंग्रजी फार सोपी आहे, हेही त्यांना सांगावे. 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले' अशी मराठीत कर्माप्रमाणे क्रियापदाची तीन रूपे होतात. इंग्रजीत आंबा असो, पोळी असो की केळे, 'एट' तो 'एट'च.

उच्चाराकडे आपले दुर्लक्ष होते. लेखनात सर्वत्र 'ईडी' दिसते, म्हणून आपण 'वॉक-एड', 'प्ले-एड' असे म्हणवून घेतो. वास्तविक 'वॉक'चे 'वॉक्ट' होते, 'प्ले'चे 'प्लेड' आणि 'वाँट'चे 'वाँटिड'. क, प, स, श, च, फ अशा अघोष ध्वनीनंतर ट. घोष ध्वनी व स्वर यांच्यानंतर ड. ट किंवा ड आधीच असेल तर इड. ज्यांनी जगत् आणि ईश यांचा जगदीश होताना पाहिला आहे, त्या आपणांस यात नवल वाटू नये. देवनागरी लिपी हे भेद स्वच्छ दाखविते, तेव्हा फळ्यावर उच्चार खुशाल देवनागरीत लिहावा.

येथे कोणी म्हणेल की, इंग्रजी शिकविताना मराठी मध्ये आणूच नये. या मताचा मी आदर करतो. लहान इयत्तांत गाणी, गोष्टी, आज्ञा यांतून थेट इंग्रजी कानावर पडावी हेच योग्य. परंतु सहावी-सातवीच्या मुलाच्या डोक्यात वाक्य आधी मराठीत तयार होते, ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारून काय साधणार? आपल्या आधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत बोलणे मागे पडले, हा दोष खरा. पण मराठी वाक्य समोर ठेवून विचार करण्याची सवय तिने लावली, तेवढी उचलण्यास हरकत नाही. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. त्यातील काळांविषयीचे विवेचन इंग्रजी शिकविणाऱ्याने एकदा तरी वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता वर्गात करावयाचा एक प्रयोग सांगतो. यास कोणतेही साहित्य लागत नाही. पाचसहा मुलांना वेगवेगळी कामे द्यावी. एकाने फळा पुसावा, एकीने लिहावे, एकाने पाणी प्यावे, दोघांनी बाक उचलावा. मग एकाएकी घंटा वाजवावी. घंटेनंतर त्यांनी मनास येईल ते करावे. सर्व शांत झाल्यावर बाकीच्या वर्गाला दोन प्रश्न विचारावे. पहिला, 'वॉट वॉज शी डूइंग व्हेन द बेल रँग?' उत्तर येते, 'शी वॉज रायटिंग.' दुसरा, 'वॉट डिड शी डू व्हेन द बेल रँग?' उत्तर, 'शी क्लोज्ड हर बुक.' दोन्ही प्रश्नांत 'व्हेन द बेल रँग' हे शब्द तेच आहेत. एका प्रश्नाने मूल घंटेच्या क्षणाच्या आत जाते, दुसऱ्याने त्याच्या पुढे. मी हा प्रयोग प्रथम केला तेव्हा पहिल्या दिवशी निम्मा वर्ग गोंधळला. चौथ्या दिवशी मुले आपणहून असे प्रश्न रचू लागली, आणि एकाने मलाच विचारले, 'सर, वॉट वेअर यू डूइंग व्हेन द हेडमास्टर केम?' मी काय करीत होतो ते येथे सांगत नाही.

प्रयोग नीट बसला की मग कामाची भाषा आणावी. वीज गेली तेव्हा कोण काय करीत होते. रस्त्यावर अपघात झाला तेव्हा ट्रक वळत होता की वळला होता. पंप बंद पडला तेव्हा टाकी भरत होती की भरली होती. प्रत्येक वेळी आधी मराठीत नीट सांगवून घ्यावे. मराठीतच ज्याचे गोंधळलेले आहे, त्याचे इंग्रजीत उलगडणार नाही.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील वह्यांतून भूतकाळाची पाच चुकलेली वाक्ये उतरून आणावीत. शेजारी मुलाच्या मनात असलेले मूळ मराठी वाक्य, त्यालाच विचारून, लिहावे. हिंदी किंवा अन्य भाषा बोलणारे मूल असेल तर त्याच्या घरच्या भाषेतील वाक्य लिहावे. मुलांची नावे लिहू नयेत. आपण ती सर्व वाक्ये एकत्र करू आणि कोणत्या सांध्यावर किती मुले अडली ते मोजू. माझ्या वर्गाची पाच वाक्ये मी आजच आणली आहेत. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी टेबलाशी यावे.